सुभेदार रामजींची इंग्रजी शाळा

आज २ फेब्रुवारी. १९१३ साली याच दिवशी मुंबईत सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे निधन झाले. आणखी पाच दिवसांनी, ७ तारखेला, माता रमाईंची जयंती आहे. त्या दिवशी आमच्या मानपाड्याच्या विहारांतून कार्यक्रम होतील, भीमगीते होतील, महिला मंडळे पुढाकार घेतील आणि ते योग्यच आहे. पण रामजीबाबांच्या वाट्याला मात्र बहुधा फळ्यावरची एक ओळच येते. बाबासाहेबांचे वडील, लष्करातले सुभेदार, कबीरपंथी, कडक शिस्तीचे, एवढ्या चार शब्दांत आम्ही त्यांना आटोपून टाकतो. आज आम्हाला त्यांची ओळख एका वेगळ्या नात्याने करून द्यायची आहे. रामजी सुभेदार हे पेशाने मास्तर होते, आणि ज्या इंग्रजीच्या बळावर बाबासाहेबांनी जगाच्या दरबारात आपली कैफियत मांडली, त्या इंग्रजीचे पहिले मास्तर तेच होते.

हे आजच सांगण्याचे कारण काय? कारण आमच्या डोळ्यांसमोर रोज घडते आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर एक मानपाडा आहे आणि डोंबिवली पूर्वेला दुसरा. दोन्हीकडच्या वस्त्यांत आमचे समाजबांधव कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आले आणि स्थिरावले. कोणी एमआयडीसीत कामगार, कोणी रिक्षा चालवतो, कोणी घरकाम करून मुले शिकवते. या आईबापांची एकच धडपड आहे, आपल्या पोराला इंग्रजी आले पाहिजे. त्यासाठी ते पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरतात. मध्यंतरी विहारातल्या अभ्यासवर्गात आठवीच्या एका मुलाने इंग्रजीचा धडा आमच्यासमोर घडाघडा वाचून दाखवला. प्रश्नांची उत्तरेही तोंडपाठ म्हटली. मग आम्ही पुस्तक मिटायला लावले आणि त्यातली गोष्ट मराठीत सांग म्हणालो. पोरगा गप्प झाला. गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती! धडा त्याने वाचला होता, उत्तरे गाईडमधून पाठ केली होती, पण त्या धड्यात एक माणूस आहे, त्याला काही दुःख आहे, काही इच्छा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ही त्या मुलाची चूक नाही. शिकवण्याच्या पद्धतीची आहे. आणि हा प्रश्न नुसता मार्कांचा नाही. आम्ही वकिली करतो, म्हणून त्याची झळ आम्हाला जवळून दिसते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. झोपडी तोडण्याच्या नोटिशीविरुद्ध वस्तीतली माणसे उच्च न्यायालयात जातात, मागच्या बाकावर दिवसभर बसतात आणि आपल्याच घराचे काय झाले हे बाहेर आल्यावर आम्हाला विचारतात. प्रतिज्ञापत्रावर सही त्यांची असते, पण त्यातला मजकूर त्यांना वाचता येत नाही. इंग्रजी न समजणे म्हणजे स्वतःच्याच खटल्यात परके होणे! म्हणून इंग्रजी हवीच. पण ती कशी शिकायची, याचे उत्तर शोधताना आम्हाला वारंवार रामजी सुभेदारांच्या घराकडे वळावेसे वाटते.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी सकपाळ हेही लष्करात शिपाई होते. रामजींचा विवाह भीमाबाईंशी झाला, आणि इथे आमच्या ठाणे जिल्ह्याचा संबंध येतो. भीमाई या मुरबाडकरांच्या. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मुरबाड, ते हेच. मुरबाडकरांचे घराणे लष्करातले मातब्बर होते, भीमाईंचे वडील सुभेदार मेजर होते. आमच्या मानपाड्यातली किती मुले मुरबाडच्या एसटीत बसतात, पण ज्ञानसूर्याचे आजोळ या वाटेवर आहे हे त्यांना कोणी सांगत नाही!

रामजी शिकले कसे? गावची शाळा तर अस्पृश्यांना बंद. ती दारे उघडण्याची लढाई महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाईंनी १८४८ पासून पुण्यात सुरू केली होती. सावित्रीमाईंनी तर १८५४ च्या आपल्या काव्यफुले या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून केला. शूद्र-अतिशूद्रांनी इंग्रजी शिकावे म्हणून मराठी कवितेचा उपयोग करणारी ती पहिली शिक्षिका होय. पण पुण्याबाहेरच्या हजारो अस्पृश्यांना शिक्षणाची वाट दिसली ती लष्करात. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. मनुस्मृतीने ज्यांच्यासाठी ज्ञान हा गुन्हा ठरवला होता, त्यांना छावणीतल्या शाळेत शिकणे भाग होते! त्या शाळांना मास्तर लागत. त्यासाठी पुण्यात लष्कराची नॉर्मल स्कूल होती. रामजी तिथे शिकून शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. इंग्रजीवर आणि गणितावर त्यांनी उत्तम हुकमत मिळवली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजांनी हिंदुस्थानात इंग्रजी साहित्य शिकवायला सुरुवात केली ती काही आमच्या मुक्तीसाठी नाही. १८३५ साली मेकॉलेने जे धोरण आखले त्यात राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्ये दुभाष्यांचा एक वर्ग तयार करण्याचा हेतू उघड होता. खुद्द इंग्लंडच्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्य हा विषय रुजण्याआधीच तो आमच्याकडच्या शाळा-कॉलेजांत शिकवला जाऊ लागला होता. राज्यकर्त्यांना त्यातून आज्ञाधारक कारकून हवे होते. वरच्या जातींनी ती कारकुनी पटकावली. पण शिकवणाऱ्याचा हेतू काहीही असो, पुस्तक एकदा हातात आले की ते वाचणाऱ्याचे होते. रामजींसारख्या माणसांनी राज्यकर्त्यांचे पुस्तक घेतले आणि त्यातून स्वतःची वाट काढली. परक्याचे हत्यार आपल्या लढाईसाठी घासून घेणे, हे शहाणपण त्यांच्याकडे होते.

महू येथे लष्कराच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. रामजी-भीमाईंचे ते चौदावे अपत्य. चौदांपैकी पाचच जगली, बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. पुढे थोड्याच वर्षांत रामजी निवृत्त झाले. त्याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या दाराने आपण आत आलो ते दार आपल्या मुलांसाठी बंद होते आहे, हे रामजींनी ओळखले. या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत ते पुढे होते आणि त्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली. अर्जाचा उपयोग झाला नाही. पण अन्याय झाला तर तो कागदावर, सरकारला समजेल अशा भाषेत मांडायचा, हा धडा त्या घरात बाबासाहेबांच्या लहानपणीच गिरवला गेला होता!

निवृत्तीनंतर दापोली, मग सातारा. साताऱ्याला रामजींना बांधकाम खात्यात नोकरी लागली. १८९६ साली भीमाई गेल्या. भिवा तेव्हा अवघा पाच वर्षांचा. रामजींच्या बहीण मीराबाई यांनी मुलांना पदराखाली घेतले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते. पण त्या नोंदीतले इंग्रजी पहिली हे दोन शब्द आम्ही वाचतो का? त्या काळी मुले आधी मराठी इयत्ता पुऱ्या करीत आणि मग इंग्रजी पहिलीत जात. म्हणजे इंग्रजी सुरू होण्याआधी मायबोलीचा पाया घातलेला असे.

रामजींच्या घरात तर तो पाया फारच भक्कम होता. रोज पहाटे आणि रात्री घरात अभंग, दोहे, भजने होत. रामायण-महाभारताचे वाचन होई आणि मुलांना त्याला बसावेच लागे. बाबासाहेबांनी १९५६ साली बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत याची हकीकत दिली आहे. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची निंदा आहे ते आम्हाला का वाचायला लावता, असा जाब भीमरावांनी वडिलांना विचारला होता. रामजींनी सांगितले की आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड बसण्याची भीती असते आणि तो घालवण्यासाठी हे वाचन आहे. द्रोण आणि कर्ण लहान माणसे होती, पण किती उंचीला पोहोचली ते पाहा, वाल्मीकी पाहा, असा त्यांचा युक्तिवाद होता. भीमरावांना त्यात काही तथ्य दिसले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. महाभारतातली एकही व्यक्तिरेखा आपल्याला भावत नाही, असे त्यांनी वडिलांना सांगितले आणि भीष्म, द्रोण, कृष्ण, राम या सर्वांवर आक्षेप घेतले. रामजी गप्प राहिले.

समाजबांधवहो, या प्रसंगाकडे आम्ही मुलाच्या बंडाची गोष्ट म्हणून पाहतो. पण थोडे मास्तरकडेही पाहा! घरात पुस्तक वाचायचे, त्यातल्या माणसांविषयी मुलाने प्रश्न विचारायचे, बापाने उत्तर द्यायचे आणि उत्तर अपुरे पडले तर मुलाच्या अंगावर धावून न जाता गप्प राहायचे. साहित्य शिकवणे म्हणजे आणखी काय असते? बाबासाहेब पुढे शास्त्रपुराणांची चिकित्सा करायला बसले, तेव्हा त्यांना ते ग्रंथ लहानपणापासून तोंडपाठ होते. ज्याची उलटतपासणी घ्यायची त्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे लागते, हे प्रत्येक वकिलाला कळते.

आता इंग्रजीकडे वळू. रामजींनी आपल्या मुलाला इंग्रजी कशी शिकवली, याचे तपशील बाबासाहेबांच्या आठवणींत आणि धनंजय कीर, चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रग्रंथांत सापडतात. मुंबई इलाख्यातल्या शाळांत तेव्हा हॉवर्डची इंग्रजी पुस्तके चालत. ती रामजींनी मुलाकडून पक्की करून घेतली. त्याच्या जोडीला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य घ्यायचे आणि इंग्रजीत करायचे, इंग्रजी वाक्य घ्यायचे आणि मराठीत आणायचे. शब्द नुसता बरोबर असून भागत नसे, तो नेमका असावा लागे. ही सवय जन्मभर टिकली. संविधान सभेत एकेका शब्दासाठी झगडणारे बाबासाहेब आणि तर्खडकरांच्या पाठमालेतल्या एका वाक्यासाठी शब्द शोधणारा भिवा, हे एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत.

पण इंग्रजी आली म्हणून जात गेली का? मुळीच नाही. १९०१ सालची गोष्ट. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिथे तलाव खोदला जात होता. भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे, बोलणे-चालणे चांगल्या घरचे. स्टेशन मास्तरला ती वरच्या जातीची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर एक गाडी मिळाली आणि रात्रभर पाण्याच्या थेंबासाठी ती मुले तळमळली. पोशाखाने आणि भाषेने जात लपली ती जात विचारली जाईपर्यंत! तेव्हा इंग्रजी म्हणजे सुटका, असा भाबडा समज आमच्या तरुणांनी करून घेऊ नये. इंग्रजीने जात गेली नाही. इंग्रजीने त्या रात्रीची साक्ष जगापुढे ठेवता आली. तिचे मोल तेवढे आहे, आणि ते थोडे नाही.

१९०४ च्या सुमारास रामजी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. तिच्यातच चूल, जाते, भांडीकुंडी, धूर आणि माणसे. सगळ्यांना एकदम पाय पसरून झोपायलाही जागा नाही. भिवा रात्री लवकर झोपे आणि रामजी त्याला पहाटे दोन वाजता उठवीत. त्याला वेळेवर उठवता यावे म्हणून ते स्वतः जागे राहत. मग दिव्याच्या उजेडात अभ्यास. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि नाइलाजाने पर्शियन घ्यावी लागली. हा विरोधाभास पाहा! ज्या भाषेला आपली म्हणायचे तिच्या दारावर पहारा, आणि सात समुद्रापलीकडची भाषा मात्र पुस्तक विकत घेतले की आपली. इंग्रजीच्या पुस्तकाने भिवाची जात विचारली नाही.

भीमरावांना अवांतर वाचनाचे वेड लागले ते इथे. अभ्यासाची पुस्तके सोडून हा भलतीच पुस्तके वाचतो, याची रामजींना काळजी वाटे. ते त्याबद्दल बोलतही. पण पुस्तक आणून देणार नाही, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. पेन्शन महिना पन्नास रुपये. खिशात पैसे नसले की ते धाकट्या मुलीच्या सासरी जात, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. मुलीही नाही म्हणत नसत. नगद नसेल तर लग्नातला एखादा दागिना काढून देत. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत केला जाई.

बाबासाहेबांच्या इंग्रजीचा हिशेब मांडायचा तर त्यात तुळसा आणि मंजुळा या दोन बहिणींचे दागिने धरावे लागतात. आमची चळवळ हा हिशेब विसरते. आज मानपाड्यात भावाला इंग्रजी शाळेत आणि बहिणीला जवळच्या फुकट शाळेत घालणारी घरे आम्ही पाहतो. ज्या बहिणींच्या दागिन्यांवर ती पुस्तके आली, त्यांचे ऋण फेडायचे असेल तर पुस्तक आधी मुलीच्या हातात दिले पाहिजे.

रामजींच्या मित्रांत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. भीमरावांनी परीक्षेत यश मिळवले म्हणून समाजाने सत्काराची सभा भरवायचे ठरवले. मुलाच्या डोक्यात वारे शिरेल म्हणून रामजी आधी तयार नव्हते, केळुसकरांनी त्यांची समजूत घातली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून भीमरावांनी वडिलांना विचारले की हे साहित्य आम्हाला आधी का दिले नाही? एका भेट मिळालेल्या पुस्तकातून १९५६ ची धम्मक्रांती सुरू झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९०७ साली मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज, सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती आणि पदवी. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजींचे डोळे दाराकडे लागलेले होते. थरथरता हात मुलाच्या पाठीवरून फिरला आणि त्यांनी प्राण सोडला. पदवी त्यांनी पाहिली. अमेरिका पाहिली नाही. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. न्यूयॉर्कमध्ये पोटाला मारून त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. बापाने लावलेले वेड अटलांटिक ओलांडूनही सुटले नाही. आणि तोच माणूस १९२० साली मूकनायक मराठीत काढतो, १९२७ साली बहिष्कृत भारत मराठीत काढतो. रामजींच्या शाळेत इंग्रजीने मराठीला हाकलले नव्हते. दोन्ही भाषा एकमेकींच्या आधाराने वाढल्या होत्या.

आता आजचे पाहू. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांचा तो निर्णय. बहुजनांच्या पोरांना इंग्रजी मिळू नये असे वाटणाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. आम्ही त्या निर्णयाच्या बाजूचे आहोत. पण पंचवीस वर्षांनंतर विचारले पाहिजे की पहिलीपासून इंग्रजी शिकूनही आमचा आठवीचा पोरगा गोष्ट का सांगू शकत नाही? कारण वर्ष वाढवले, पुस्तके वाढवली नाहीत. एका पाठ्यपुस्तकावर आणि एका गाईडवर कोणतीही भाषा येत नाही.

यावर जगात प्रयोग झालेले आहेत. १९८० च्या सुमारास फिजी बेटांवरच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत एल्ली आणि मंगुभाई या दोन अभ्यासकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे अडीचशे चित्रमय इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्यांत हिंदुस्थानातून गिरमिटावर गेलेल्या मजुरांचे वंशजही होते. आठ-नऊ महिन्यांत ही मुले वाचून आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेली. महागडी यंत्रे लागली नाहीत. गोष्टी लागल्या! डबक चाळीत जे पेन्शनच्या पैशावर चालले होते तेच फिजीत मोजून सिद्ध झाले.

आणि आमच्याकडे तर हा कायद्याने दिलेला हक्क आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत, असे स्पष्ट म्हटले आहे. गोष्टींची पुस्तके ही कोणाची मेहेरबानी नाही, कायद्याची अट आहे. याच कायद्याखालील २५ टक्के प्रवेशांतून खासगी शाळांना सूट देण्याचा घाट राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने घातला, तेव्हा पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. प्रवेशासाठी आम्ही लढलो. मग शाळेतल्या कुलूपबंद कपाटासाठी का लढू नये? किती पालकांनी शाळेत जाऊन ग्रंथालय दाखवा म्हटले आहे? शाळा व्यवस्थापन समितीत आईवडील असतात, त्यात दुर्बल घटकांनाही प्रतिनिधित्व असते. तो अधिकार वापरला पाहिजे.

कायद्याची लढाई चालू राहील. पण रामजींनी सरकारची वाट पाहिली नव्हती. आमचे विहार आहेत, रविवार आहे, शिकलेली मुले आहेत. तेव्हा एक सुचवतो. बाबासाहेबांची वेटिंग फॉर अ व्हिसा ही छोटी पुस्तिका घ्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली प्रसिद्ध केली. त्यातली इंग्रजी अत्यंत सोपी आहे आणि सुरुवातच मसूरच्या त्या रात्रीपासून होते. कोलंबिया विद्यापीठात ती अभ्यासाला लावली जाते, मग मानपाड्याच्या विहारात का नको? आठवी-नववीच्या मुलांबरोबर रोज एक परिच्छेद वाचावा. आधी गोष्ट मराठीत सांगायची, मग इंग्रजीत वाचायची, मग एकेक वाक्य मराठीत आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून परत इंग्रजीत करायचे. तर्खडकरांची पद्धत हीच होती.

त्यापुढच्या मुलांसाठी आमच्याच घरचे साहित्य आहे. बेबीताई कांबळे यांचे जिणं आमुचं आणि ऊर्मिला पवार यांचे आयदान, दोन्हींचे इंग्रजी अनुवाद माया पंडित यांनी केले, ते २००८ साली आले. दया पवारांचे बलुतं जेरी पिंटो यांनी २०१५ साली इंग्रजीत नेले. वयाला योग्य असे उतारे निवडावेत. डाव्या हाताला मराठी, उजव्या हाताला इंग्रजी! ज्या मुलीने हे दुःख आजीच्या तोंडून ऐकले आहे, तिला त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ गाईडमध्ये शोधावा लागणार नाही. बर्फाच्या आणि राजवाड्यांच्या गोष्टी तिने जरूर वाचाव्यात, जगाची खिडकी बंद ठेवायची नाही. पण पहिले पाऊल आपल्या अंगणातून टाकले तर पाय लवकर ठरतो.

आणि मुलांनी प्रश्न विचारले तर विचारू द्या. हे असेच का, हा माणूस असा का वागला, तुम्ही आम्हाला हे आधी का सांगितले नाही, असे ते विचारतील. आमच्याकडे उत्तर नसेल तर रामजींप्रमाणे गप्प राहण्याचा मोठेपणा आम्ही दाखवला पाहिजे. प्रश्न विचारणाऱ्या पोराला दटावणारा बाप आंबेडकरी असू शकत नाही.

आज संध्याकाळी रामजीबाबांच्या प्रतिमेला हार जरूर घालावा. मग प्रतिमेसमोर बसून एका मुलीला एक इंग्रजी गोष्ट वाचायला सांगावी आणि ती वाचून झाली की तिच्याकडूनच ती मराठीत ऐकावी. सुभेदारांची शाळा अशानेच पुन्हा भरेल.

जयभीम!